तुळईला टांगलेली दोन गाठोडी

सुरुवातीलाच सांगून टाकतो — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दोनदा भूत दिसल्याची बोंब उठली होती, आणि दोन्ही वेळचं भूत मीच होतो. एकदा आजोबांचं धोतर पांघरून, आणि दुसऱ्यांदा... जाऊ दे, त्या बाई अजून हयात आहेत. सांगायचा मुद्दा, या धंद्यातली आतली बाजू मला ठाऊक आहे. म्हणून या सदरात लोकांचे अनुभव वाचताना मी नेहमी गालातल्या गालात हसतो. आज मात्र माझी पाळी आहे. तुम्ही हसा, माझी हरकत नाही. मी स्वतः वीस-बावीस वर्षं हसायचा प्रयत्न करतोय.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांचा, इस्लामपूरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. रघू माझा आतेभाऊ, माझ्याहून वर्षानं लहान. तो आणि आत्ती — म्हणजे त्याची आई — आष्ट्यात राहायची. आत्तीचे यजमान रघू शाळेत असतानाच गेले होते. थोडा ऊस होता, त्यावर मायलेकांचं चालायचं. रघूची थोरली बहीण ताराक्का साताऱ्यात दिलेली, आणि तिचे यजमान, आमचे दाजी, फौजेत हवालदार. त्यांचं पोस्टिंग तेव्हा काश्मीरला, गुलमर्गच्या जवळ.

दिवाळीला दाजी रजेवर आले ते एक रंगीत पोस्टकार्ड घेऊन. पांढराशुभ्र डोंगर आणि त्यावरून पायांना फळ्या बांधलेली माणसं सुसाट निघालेली. "जानेवारीत या दोघं," दाजी म्हणाले. "नवशिक्यांचा दोन आठवड्यांचा कोर्स असतो. स्की म्हणतात याला. शिकवणारे उस्ताद माझ्या ओळखीचे आहेत. राहायची सोय मी बघतो."

झालं. रघूचं डोकं फिरलं. त्या दिवसापासून तो आष्ट्यात फक्त देहानं होता. (हे वाक्य मी तेव्हा थट्टेनं म्हणायचो.)

आत्तीला समजावून सांगणं हे एक प्रकरणच होतं. सूप पुढ्यात घेऊन ती ज्वारी पाखडत होती.

"पायाला फळ्या बांधून बर्फावरनं खाली घसरायचं," रघू म्हणाला.

"आन् मग?"

"मग परत वर जायचं."

"आन् मग?"

"परत घसरायचं."

आत्तीनं सूप खाली ठेवलं. "आन् ह्येच्यासाठनं चार दिस रेल्वेत बसून जायाचं?"

तरी तिनं नाही म्हटलं नाही. नवरा गेल्यावर त्या घरात कोणी कसली हौस केली नव्हती, हे तिलाही कळत होतं.

मग तयारी सुरू झाली. मी ड्रॉइंग मास्तर, तेव्हा पोस्टकार्डावरून त्या फळ्यांचं मोजमापासह चित्र काढलं आणि ते आम्ही दस्तगीरभाईंकडं नेलं. दस्तगीरभाई बैलगाड्या करणारे सुतार. गल्लीच्या उत्तर टोकाला त्यांचं घर आणि घरापुढंच कामाचा मांडव. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे चाकाबिगर गाडी हाय गड्यांनो," ते म्हणाले. "बैल कुठं जुंपायचा?"

"बैल आमीच," रघू म्हणाला.

आठ दिवसांत त्यांनी बाभळीच्या दोन फळ्या करून दिल्या, टोकं वाफेवर वाकवून. एकाच जोडावर आळीपाळीनं सराव करायचा असं ठरलं. बर्फ आणायचा कुठून? तर गुऱ्हाळामागं उताराच्या बांधावर उसाचं पाचट पसरलं. वाळलेल्या पाचटावरून एकदा पाय सटकलेला माणूस तुम्हाला सांगेल की ते बर्फापेक्षा कमी नाही. रोज संध्याकाळी निम्मं आष्टा तमाशा बघायला जमायचं.

तिकीट मिळालं ते मंगळवारचं, मिरजेहून. आणि तिथं गाडी अडली. जोशीबुवांनी पंचांग उघडून मान हलवली. मंगळवारी उत्तरेला दिशाशूळ, त्या दिवशी उत्तरेला पाऊल टाकू नये. तिकीट बदलत नव्हतं आणि मंगळवारही बदलत नव्हता.

तोड आत्तीनंच काढली — परस्थान ठेवायचं.

नव्या वाचकांना हे ठाऊक नसेल. जायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान एका फडक्यात बांधून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावर वापरलेलं एक कापड. ते उंबऱ्याबाहेर गेलं की माणूस निघाला असं धरतात. मग खरं निघताना ते वाटेतच उचलायचं. घरात परत आणायचं नाही, आणि पाच दिवसांच्या वर पडून राहू द्यायचं नाही.

शुक्रवार चांगला होता. मी दुपारच्या एस.टी.नं आष्ट्याला गेलो. आत्तीनं दोन फडकी मांडून ठेवली होती. रघूनं आपल्या फडक्यात जुना सदरा ठेवला. "तुझं कापड आन् रं," आत्ती मला म्हणाली. मी काहीच आणलं नव्हतं. अंगावर एक शर्ट, तो दिला तर परत जाताना उघडा. आणि मला या सगळ्याची गंमत वाटत होती, हे कबूल करतो. आत्ती तांदूळ आणायला आत गेली, तेवढ्यात मी खुंटीवरचा रघूचा लाल मफलर ओढला आणि घडी करून माझ्या फडक्यात सारला. वर हसलो. रघूनं पाहिलंसुद्धा नाही. तो मोज्यांच्या जोड्या लावत होता.

दोन्ही गाठोडी आम्ही दस्तगीरभाईंकडं नेली.

"ठेवा की वैनी," ते म्हणाले. "पर खाली उंदरं लय हायेत. वर टांगतो." त्यांनी सुंभाच्या दोरीनं दोन्ही गाठोडी घराच्या तुळईला शेजारी शेजारी बांधली.

"आता तुमी निघाला," आत्ती आम्हाला म्हणाली. गमतीत नाही, अगदी सरळ.

रविवारी पाचटावर शेवटचा सराव म्हणून रघू बांधाच्या अगदी वरून निघाला आणि खाली त्याचा उजवा पाय फळीत अडकून पिरगळला. हाडवैद्यानं पट्टी बांधून महिनाभर हलायचं नाही म्हणून सांगितलं. मंगळवार आला आणि गेला. आम्ही दाजींना तार केली : रघूचा पाय दुखावला, येत नाही. पोस्टकार्ड रघूनं भिंतीला लावलं होतं, ते त्यानंच काढून गादीखाली सारलं. गाठोड्यांची आठवण दस्तगीरभाईंनी एकदा काढली. आत्ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्यात. पाय बरा झाला की जातीलच की."

पाच दिवस उलटून गेले होते. कुणी मोजलेच नाहीत.

मी दर शनिवारी शाळा सुटली की सायकलनं आष्ट्याला जायचो. पहिल्या शनिवारी रघू बरा वाटला, जरा गप्प. दुसऱ्या शनिवारी गेलो तर तो उन्हात बाज टाकून, गोधडी पांघरून बसलेला. फेब्रुवारी लागला होता, मला सायकल मारून घाम फुटलेला.

"पायाला हात लावून बघ," आत्ती मला हळूच म्हणाली.

पट्टीतला पाय नव्हे, चांगला पाय. मी हात लावला आणि मागं घेतला. विहिरीतून नुकत्या शेंदलेल्या कळशीला हात लावावा तसा लागला. वर गुडघ्यापर्यंत तसाच.

"कवापासनं?"

"चार दिस झालं. जेवत न्हाई. भूक न्हाई म्हनतोय. डागदर म्हनला, रक्त कमी हाय."

रघूला विचारलं, काय होतंय रे? तो म्हणाला, "काय न्हाई. दमलोय." बाजेवर दोन आठवडे बसून असलेला माणूस — दमलोय म्हणतो.

तेवढ्यात पोस्टमन आला. दाजींचं पत्र, आत्तीच्या नावानं. वाचायचं काम माझं. ते पत्र अजून माझ्याकडं आहे, म्हणून शब्द तसेच देतो : "चि. रघुनाथ शनिवारी सुखरूप पोचला. थंडी फार आहे पण त्याला बाधत नाही. वसंत बरोबर का आला नाही? रघुनाथ काही सांगत नाही. कोर्स सुरू झाला आहे. उस्ताद म्हणतात पोरगा शिकून आल्यासारखा घसरतो."

वसंत म्हणजे मी. मी हसलो. दाजी तसे मिस्कीलच. म्हटलं, तार मिळाल्यावर मुद्दाम चिडवायला लिहिलंय. रघूही जरा हसला. आत्ती हसली नाही. तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं — तिला वाचता येत नव्हतं — आणि बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिली.

मी त्या दिवशी परत फिरलो नाही. रविवारी रघूनं पाण्याचा घोटही नको म्हटलं. सोमवारी मी शाळेला रजा टाकली. दुपारी बाराच्या सुमाराला दुसरं पत्र आलं, आणि हे अक्षर दाजींचंच असलं तरी घाईत लिहिलेलं होतं.

"आईंना साष्टांग नमस्कार. तुमची तार बर्फामुळं अडकून आज मिळाली. पाय दुखावल्याचं वाचून काही उमगेना. तार रघुनाथला दाखवली. तो नुसता हसला. इथं तो जेवायला बसतो पण ताट तसंच उठतं. विचारलं तर 'पोचलो' एवढंच म्हणतो. आणखी एक गोष्ट लिहू की नको असं झालं आहे. उस्ताद जुने माणूस, थट्टा करणारे नाहीत. ते म्हणतात, हा खाली पोचतो तेव्हा वर पाहावं तर वरही उभाच असतो. मी म्हणालो दुसरं कोणी असेल. काल मी स्वतः पाहिलं. सोमवारी दुपारच्याला बॅच वरच्या मोठ्या उतारावर नेणार आहेत. तिथं बर्फ सुटून खाली कोसळतो. मी नको म्हणतो पण तो ऐकत नाही. काय करावं कळवा."

ती ओळ मी पुन्हा वाचली. खालीही आणि वरही. त्या घरात, त्या गावात, जगात फक्त मला एकट्यालाच ठाऊक होतं की तुळईला टांगलेल्या दोन्ही गाठोड्यांत रघूच आहे.

रघू बाजेवर डोळे मिटून पडला होता. ओठ निळसर. सोमवार होता. बारा वाजून गेले होते.

मी आत्तीला चुलीपाशी नेऊन सगळं सांगितलं. मफलरचं, हसल्याचं, सगळं.

"लाल मफलर?" तिनं विचारलं.

"व्हय."

"त्यो मी विणलाय त्येच्यासाठनं." "एका मानसाला दोनदा धाडलंस व्हय रं. आन् तू निघालाच न्हाईस."

तिनं पदर खोचला.

आम्ही दस्तगीरभाईंकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रंधा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मंग वैनी, सोडतो गाठी. काढतो कापडं भाईर. मिटलं."

"हात लावू नगा," आत्ती म्हणाली. "वाटंवरच्या मानसाची वाट मधनंच तोडली तर त्यो जाईल कुठं? तिथंबी न्हाई आन् हितंबी न्हाई."

"मंग ऱ्हाऊ द्यायचं?"

"ऱ्हाऊ दिलं तर त्यो त्या डोंगरावर जातोय." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "एकच हाय. गेलेला मानूस घरला येतोच की. त्येला घरला आनायचं. सरळ, दारातनं."

आमच्याकडं लांबून माणूस आलं की त्याला उंबऱ्याबाहेर थांबवतात. भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून टाकतात, मग आत घेतात. आत्तीचा विचार एवढाच होता : गाठोडी उतरवून मुकाट्यानं माघारी आणायची नाहीत. प्रवास झाला, माणसं परत आली, असं करून आणायची. पण घरी येणारा माणूस आधीच घरात बसलेला चालणार नाही. म्हणजे रघूला उठवून दस्तगीरभाईंच्या घरापर्यंत न्यायला हवं.

दोनशे पावलंही नसतील. एका बाजूनं मी, एका बाजूनं दस्तगीरभाई, आणि मध्ये रघू, एक पाय उचललेला. त्याचं वजन लागत नव्हतं. लंगड्या माणसाला धरून नेल्यावर खांद्यावर भार येतो की नाही? मला आपण शर्ट धरून चाललोय असं वाटत होतं. गल्लीतल्या बाया विचारत होत्या, कुठं न्हेताय? दस्तगीरभाई सांगत होते, "जरा ऊन खायाला."

त्यांनी गाठोडी उतरवली. सदऱ्याचं रघूच्या खांद्यावर दिलं, मफलरचं माझ्या. आम्ही परत फिरलो. दीड-दोन झाले असतील. आत्ती दारात उभी होती, एका हातात तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. आयुष्यात मी नाटकात कामं केली आहेत, गॅदरिंगला बक्षिसं घेतली आहेत, पण त्या दारापुढं मला माझे हात कुठं ठेवायचे ते कळेना.

"कोन आलं?" तिनं विचारलं.

रघूच्या तोंडून आवाज निघेना. दस्तगीरभाई त्याच्या कानाशी म्हणाले, "सांग रं बाळा."

"मी," रघू म्हणाला. "रघू."

"लांबनं आलास?"

"व्हय."

तिनं तुकडा ओवाळला, दूर फेकला, पायावर पाणी घातलं. रघू उंबरा ओलांडून आत गेला आणि भिंतीला टेकून बसला. अजून तसाच पांढरा.

मग तिनं दुसरा तुकडा घेतला आणि माझ्याकडं वळली. निघताना तिनं मला बजावलं होतं, "ज्येच्या नावानं ठेवलं त्येनंच यायचं. तू तुझं नाव सांग." सोपं होतं. पण गाठोडं माझ्या नावाचं आणि आतलं कापड त्याचं. माझं नाव सांगितलं तर मी कुणाला घरात आणणार होतो? आणि त्याला कुठं ठेवणार होतो? हा प्रश्न मला तिथं, भर दुपारी, अगदी स्वच्छ पडला. पळून जावं असं वाटलं. खोटं नाही सांगत, एक पाय मागं घेतलाही.

"कोन आलं?" आत्तीनं विचारलं. तिची नजर माझ्यावरून हलली नाही.

आत रघू भिंतीवरून कलंडत चालला होता.

"मी," म्हटलं. "वसंत. आलो."

तिनं ओवाळलं. पाण्याची धार पायावर पडली आणि ती थंडी तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढली. तांब्यातलं पाणी कोमट होतं, हे आत्तीनं नंतर शपथेवर सांगितलं. तेवढा एकच क्षण. पुढं काही नाही.

आतून रघूचा आवाज आला. "आई, भाकरी हाय का गं?"

आत्ती तिथंच उंबऱ्यावर बसली. चूल पेटवायला दस्तगीरभाईंना जावं लागलं.

रघूनं त्या संध्याकाळी चार भाकरी खाल्ल्या. बुधवारी दाजींची तार आली : रघू सोमवारी दुपारी न सांगता निघून गेला, पोचला का? आत्तीनं मला उत्तर करायला लावलं : पोचला.

माझी बायको म्हणते, कोणीतरी त्या नावाचा दुसरा मुलगा असेल. असेलही. पण दाजी रघूला त्यांच्या लग्नापासून ओळखत होते, त्याला सायकल त्यांनीच शिकवली होती. माझा मेहुणा डॉक्टर आहे, तो म्हणतो उपाशी राहिल्यानं पाय थंड पडतात. पडत असतील. मी दोघांनाही हो म्हणतो. माझी अडचण वेगळीच आहे.

त्या उन्हाळ्यात दाजी रजेवर आले ते रागातच. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची मस्करी केली, यावर ते ठाम होते. चहा पिता पिता त्यांनी रघूची उलटतपासणी घेतली. बरॅकच्या मागं काय होतं? रघूला माहीत नाही. पहिल्या दिवशी कुणाशेजारी बसलास? माहीत नाही. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अरे, उताराच्या पायथ्याला चहावाल्याचं कुत्रं होतं, रोज तुझ्यामागं धावायचं. त्याचं नाव तरी आठवतंय का?"

"भुरा," मी म्हणालो. "डाव्या कानाचं टोक तुटलेलं."

मी ठरवून बोललो नाही. सहज निघून गेलं, जसं आपल्या शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलावं. दाजींनी कप खाली ठेवला. रघू माझ्याकडं बघत राहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" दाजींनी विचारलं. मला तोवर ते कधी 'तुम्ही' म्हणत नसत.

कुणीच सांगितलं नव्हतं. दोन्ही पत्रं आणि तार मी त्या दिवसापासून किती वेळा वाचली असतील. त्यात कुत्र्याचं नाव सोडा, कुत्रंच नाही. आणि तेवढंच असतं तर मी म्हटलं असतं, नशिबानं बरोबर आलं. पण ते कुत्रं मला वरून दिसतं. फार उंचावरून, ठिपक्याएवढं, आणि त्याच्यापुढं खाली घसरत जाणारा रघू, पाठमोरा. मी वर उभा आहे आणि माझी पाळी अजून आलेली नाही. तो कान मला इतक्या लांबून कसा दिसला, हेही मला सांगता येत नाही.

दाजींनी पुन्हा विषय काढला नाही. आत्ती आता नाही. रघू आष्ट्यातच आहे, ऊस चांगला पिकवतो, त्याला यातलं काही आठवत नाही आणि आठवून घ्यायची हौसही नाही. मी सध्या साताऱ्यात असतो. यंदा थोरली मुलगी म्हणतेय, बाबा, मनालीला जाऊ, तिथं स्की शिकवतात. तिनं माझं नाव फॉर्ममध्ये घातलंय. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे उत्तम आहेत. कोणा जाणत्या वाचकाला यातलं काही उलगडलं तर संपादकांकडं कळवावं. फॉर्मची मुदत अजून पंधरा दिवस आहे.